‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस’



आयोजकांनी मला विषय दिला, ‘स्वतःच्या शरीरावर प्रेम करायला शिका’. म्हणून मोबाईलवर या विषयाचे चार-पाच व्हिडिओ पाहिले. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी सुंदर आहे’ म्हणायचं, असा बहुतेकांचा सल्ला. म्हणून बघायला हरकत नाही. पण आपली लाज आरशातून आलेली नाही, मग ती आरशासमोर जाईल कशी?

ती कुठून आली ते बघा. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतल्या पुण्याबद्दल लिहिलंय. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, स्वतःच्या पावलांचे ठसे पुसायला. गळ्यात मडकं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. म्हणजे नुसतं चालणंसुद्धा अपराध. तिकडे त्रावणकोरात नाडर बायकांना छाती झाकण्यासाठी कित्येक वर्षं लढावं लागलं. १८५९ साली राजाने परवानगी दिली, तीही अट घालून: झाका, पण वरच्या जातीच्या बायकांसारखं नको. ही अट नीट ऐका. कोण कोणत्या जातीचं ते लांबून ओळखू आलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृती जाळल्यानंतर, बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, आणि बोलले ते लुगड्याबद्दल, दागिन्यांबद्दल. तुमच्या नेसण्यावरून जात ओळखू येते, ते बदला. ठिगळाचं असलं तरी चालेल, पण स्वच्छ नेसा. काय नेसावं, कुठल्या धातूचा दागिना घालावा, हे तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. एवढ्या मोठ्या लढ्यात हा माणूस लुगड्यावर का बोलतोय, असं कॉलेजात असताना मला वाटायचं. त्या बायकांना मात्र ते लगेच कळलं. घरी परतण्याआधीच त्यांनी नेसण्याची पद्धत बदलली.

आता माझी गोष्ट. पहिल्या नोकरीत एक वरिष्ठ बाई कौतुकाने म्हणाल्या, ‘अगं, तू त्यांच्यातली वाटतच नाहीस!’ तुमच्यापैकी कितीजणांनी हे ऐकलंय? बघा, हात वर आलेच. या वाक्यात ‘त्यांच्यातली’ कशी दिसते याचं एक चित्र आहे. काळी, हडकुळी, मान खाली, तोंड बंद. आणि ते कौतुक स्वीकारायचं तर आधी आपल्या आईचा, मावशीचा चेहरा कुरूप आहे हे कबूल करावं लागतं. मी म्हटलं, ‘मॅडम, मी अगदी माझ्या आईसारखी दिसते.’ त्या गप्प झाल्या. चहाला मात्र बोलावत राहिल्या.

आणि आपल्या घरातलंही बोललंच पाहिजे. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून टाकला. आपल्या वधू-वर मेळाव्यातल्या बायोडेटामधला ‘गोरी’ अजून निघालेला नाही. निळा झेंडा लावलेल्या मंडपातही तो असतो.

आमच्या घरात शरीराचा विषय निघायचा तो फक्त काही दुखायला लागल्यावर. आई कापूस वेचायला जायची. ‘हातपाय चालतात तोवर काय होतंय?’ हे तिचं वाक्य. पिढ्यान् पिढ्या आपलं शरीर म्हणजे दुसऱ्याच्या कामाचं अवजार. तिची मुलगी पदवीधर झाली, पण अंगात ताप असताना झोपून राहिलं की तिला अजून चोरी केल्यासारखं वाटतं. तुम्हीही परीक्षेच्या दिवसांत मेसमधला नाश्ता बुडवता, पाळीत कळवळत लेक्चरला बसता. हिमोग्लोबिन कधी तपासलंय? सरकारी दवाखान्यात होतं, या आठवड्यात करून या. शरीरावर प्रेम म्हणतात त्याची सुरुवात मला तरी इथेच दिसते. पोटभर जेवणं, पुरेशी झोप, आणि दुखतंय तर दुखतंय म्हणणं.

मी मुलाखती घेते. आपली मुलं खुर्चीच्या कडेवर बसतात, पाठ टेकवत नाहीत. टेकवली तर उद्धट वाटू, अशी भीती. उत्तर येत असतं, पण आवाज गळ्यातच राहतो. ही सवय तुमच्यापेक्षा कितीतरी जुनी आहे, म्हणून एका दिवसात जाणार नाही. खोलीवर एकमेकांसमोर बसा, पाठ टेकवा, उत्तर मोठ्याने म्हणा. सुरुवातीला हसू येईल. येऊ द्या.

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलींनो, पहिल्या रांगेत तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. या, बसा. मग प्रश्न घेऊ.