कांट्यांचें उद्यान



पंचगंगेच्या आणि रंकाळ्याच्या कांठीं राहणाऱ्या कोल्हापूरकरानें वाळवंटांतील वनस्पतींविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. ज्या मुलखांत उसाचे मळे पाटांच्या पाण्यांत उभे, तेथें पाण्यावांचून जगणाऱ्या झाडांचें काय कौतुक? परंतु चंदीगडजवळ पंचकुला येथें निवडुंगांचें जें विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान आहे, तें पाहतांना मला वारंवार आपल्याच प्रांताची आठवण झाली.

हें उद्यान १९८७ सालीं डॉ. जे. एस. सरकारिया यांच्या परिश्रमानें उभें राहिलें. विस्तार सुमारें ७ एकर. खडक आणि मातीचे उंचवटे रचून त्यांवर कोठें खांबासारखे सरळ, कोठें चेंडूसारखे गोल निवडुंग लाविले आहेत. नवखा मनुष्य कांटा दिसला कीं 'निवडुंग' म्हणून मोकळा होतो. पण खरे निवडुंग बहुतेक सारे अमेरिकेचे. त्यांचे कांटे लवदार गादीसारख्या बारीक ठिपक्यांतून निघतात. आपल्या कुंपणांवरचा थोर अगदीं निराळ्या कुळांतला; त्याला खरचटलें कीं चीक येतो. आपला फड्या निवडुंगसुद्धां परदेशी पाहुणाच! हा पाहुणा इतका माजला कीं दक्षिण हिंदुस्थानांत १९२६ सालीं कोशिनील जातीचा किडा मुद्दाम आणून सोडावा लागला, तेव्हां कोठें तो आटोक्यांत आला.

या वनस्पति जगतात कशा? दिवसां त्या आपलीं सूक्ष्म छिद्रें मिटून घेतात. रात्रीं गारवा आला म्हणजे तीं उघडून हवेंतील कर्बवायु आम्लाच्या रूपानें सांठवितात आणि दिवसां त्यापासून अन्न करितात. या रहस्याचा एक धागा आपल्या अंगणांतल्या पानफुटीनेंच दाखविला होता. कंपनी सरकारच्या चाकरींतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांस तिचें पान सकाळीं आंबट व दुपारीं बेचव लागलें. त्यांचें हें टिपण १८१५ सालीं लंडनमध्यें छापलें गेलें. डब्यांत लाविलेल्या या गरीब झाडाकडे आपण कधीं त्या दृष्टीनें पाहतों काय?

पंचकुल्यास मला सर्वांत मोलाचा वाटला तो परदेशी निवडुंगांचा थाट नव्हे, तर आपल्या देशांतील माकडशिंगाच्या जातींचा संग्रह. असेंच काम कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पति-उद्यानांत झालें आहे. प्रा. एस. आर. यादव व त्यांचे सहकारी यांनीं सह्याद्रींतील दुर्मिळ कंदीलपुष्पें तेथें जतन केलीं. मसाई पठारावर चैत्रांत उभें राहिलें म्हणजे या वनस्पतींची ओढाताण ध्यानांत येते. पाऊस उदंड, पण जांभ्या खडकावर माती बोटभर. पाणी थांबत नाहीं आणि उन्हाळ्यांत तेथें वाळवंटच होतें. कंदीलपुष्प त्या काळांत जमिनीखालीं कंद होऊन निजतें. हे कंद गुराखी खणून खातात, पठारें नांगरलीं जातात, जांभा खाणींतून निघतो. त्यांत हीं फुलें दुर्मिळ झालीं.

कुंडींत कंद जगविणें जमलें, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु या फुलाची नळी लहानशा माशीला आंत कोंडते, नळींतले केस कोमेजले म्हणजे सोडते आणि तेवढ्यांत परागांची देवघेव उरकते. ती माशी विद्यापीठाच्या कुंडींत आणून ठेवतां येत नाहीं. ती पठारावरच हवी. म्हणून श्रावणांत मसाईवर जाल, तेव्हां गाडी खालींच ठेवा आणि पायवाट सोडूं नका. कंद कोठें आहे, हें वरून दिसत नाहीं.