औषध, पथ्य आणि श्रद्धा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा आम्ही त्यांस विनयाने सांगितले की, आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि तीतच निवृत्त झालो. त्यावर ते म्हणाले, “डॉक्टर आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत, पण ते बोलावयास उभे राहिले की श्रोते आपापली दुखणी सांगू लागतात. आपले निदान ऐकून तरी घेतील.” या युक्तिवादापुढे आम्ही निरुत्तर झालो.

मात्र या विषयाशी आमचा एक संबंध आहे. मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारे अर्ज तपासण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. अर्जासोबत औषधांच्या पावत्या येतात, आणि त्या वाचता वाचता घराघरांतील स्थिती कळत जाते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका ज्ञातिबंधूंच्या पावत्यांत दररोजच्या अकरा गोळ्या होत्या. हृदयाचे डॉक्टर निराळे, मधुमेहाचे निराळे, गुडघ्यांचे निराळे. झोपेची गोळी कोणी व केव्हा दिली हे घरात कोणासच आठवत नव्हते. त्यांतील दोन गोळ्यांची नावे भिन्न, पण आतील द्रव्य एकच! कोणत्याही डॉक्टरांनी अन्याय केला असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येकाने आपल्यासमोरचा अवयव पाहिला. सबंध माणूस पाहावयाचा मात्र राहून गेला. एके रात्री हे गृहस्थ झोपेच्या गुंगीत उठले, पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. निधीकडे अर्ज आला तो या मोडलेल्या हाडासाठी.

त्याच वर्षी दुसरा अर्ज आला. अर्जदाराचे वय पन्नाशीच्या आतले. त्यांनी एका प्रवचनात ऐकले की, गोळ्या हे विष आहे, रक्तदाब मनाच्या शांतीने उतरतो. ऐकून त्यांनी गोळी सोडली. रक्तदाबाची लबाडी अशी की तो दुखत नाही, खुपत नाही. गोळी सोडूनही आपणांस बरे वाटते, याचा त्यांना आनंदच झाला. पुढे पक्षाघाताने उजवे अंग गेले. मुलगी तेव्हा बारावीत होती.

हे दोन अर्ज आम्ही एकाच फायलीत, एकापुढे एक लावले आहेत. वरवर पाहता एक औषधाच्या अतिरेकाचा बळी, दुसरा औषधत्यागाचा. वस्तुतः दोघांनीही एकच केले: आपल्या शरीराविषयीचा विचार दुसऱ्याच्या स्वाधीन करून टाकला. एकाने दुकानदाराच्या, एकाने प्रवचनकाराच्या.

आता घराघरांत दिसणारी एक गोष्ट पाहा. सर्दी झाली, घसा बसला की आपण औषधाच्या दुकानात जातो आणि “मागच्या वेळचेच द्या” म्हणून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणतो. त्यांतील दोन घेतो, बरे वाटले की दोन कपाटात ठेवतो. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर ही औषधे चालत नाहीत, हे शालेय पुस्तकातही असते. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांस १९२८ साली लागला. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनीच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरणार नाहीत, उलट औषध पचवावयास शिकतील. तसेच घडत आहे. आपल्या सरकारने २०१४ सालापासून अशा अनेक औषधांची विक्री चिठ्ठीवाचून करू नये व विक्रीची नोंद ठेवावी असा नियम लागू केला. वेष्टनावरील तांबड्या रेघेचा अर्थ लोकांस समजावा म्हणून २०१६ साली मोहीमही काढली. ती रेघ किती भगिनींनी पाहिली आहे? हात वर करण्याचा आग्रह आम्ही करीत नाही. वर्गातही या प्रश्नाने आम्ही मुलांना फारसे छळले नाही.

वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. गुडघा दुखतो म्हणून वर्षानुवर्षे रोज घेतलेली गोळी जठरास व मूत्रपिंडास इजा करू शकते. तेव्हा “झाडपाल्याचे घेऊ, त्याने अपाय नाही” असे कोणी म्हणेल. हाही भ्रमच! खात्री नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा शिसे मिसळलेले आढळले आहे. पुडी घेताच दुखणे जादूसारखे पळाले, तर आनंद मानण्यापूर्वी शंका घ्यावी.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार किती सूक्ष्मपणे केला होता! चरकसंहितेत औषध तीन प्रकारचे सांगितले आहे. मंत्र, व्रत, उपवास इत्यादी ते दैवव्यपाश्रय. आहार व द्रव्ये यांची योजना ते युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह तो सत्त्वावजय. तिन्ही शेजारी शेजारी मांडली आहेत, एकाने दुसऱ्याची जागा बळकावलेली नाही. म्हणून आजारी माणसाच्या उशाशी विष्णुसहस्रनाम म्हणणे आणि त्याच वेळी त्याला इन्सुलिन टोचणे यांत आम्हांस विरोध दिसत नाही. १९२२ साली इन्सुलिन प्रथम माणसास दिले गेले, त्यापूर्वी मधुमेह झालेली लहान मुले डोळ्यांदेखत झिजून जात. त्यांच्या मातांनी देवाचा धावा कमी केला असेल काय?

महात्मा गांधींचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे, कारण त्याची स्थळे आपल्या पुण्याच्या आसपासचीच आहेत. १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज्या’त त्यांनी डॉक्टरांवर कडक टीका केली. पण येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाचा विकार बळावला, तेव्हा १२ जानेवारी १९२४ रोजी ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेण्यास त्यांनी संमती दिली. मध्येच वीज गेली, आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. ही संमती म्हणजे आपले आत्मिक दौर्बल्य, असे त्यांनी पुढे लिहिले. परंतु मॅडॉक यांच्याविषयीची कृतज्ञता लपविली नाही. १९४६ च्या मार्चमध्ये याच गांधींनी उरुळी कांचन येथे खेडुतांवर निसर्गोपचार सुरू केले. कटिस्नान, सूर्यप्रकाश, साधा आहार आणि रामनाम, इतकीच त्यांची सामग्री. रामनाम ओठांनी घ्यावे आणि जीभ मोकाट सोडावी, हे त्यांस मान्य नव्हते.

मधल्या काळातील एक प्रसंग आम्हांस अधिक जड वाटतो. १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. पेनिसिलिन आणविले गेले. ते टोचावे असा पुत्र देवदास यांचा आग्रह होता. मरणोन्मुख देहास वारंवार सुया टोचू नयेत असे गांधींचे म्हणणे पडले. २२ फेब्रुवारीस त्या गेल्या. पिता बरोबर की पुत्र, हा निवाडा आम्ही करणार नाही. अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे आज हाच प्रश्न असतो, आणि तो रोग्याला शुद्ध असतानाच घरात बोलून ठेवण्यासारखा आहे.

राहता राहिले व्रत. एकादशीस साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वर तूप असा जो उपवास आपण करतो, तो मधुमेह्यास जेवणापेक्षा महाग पडतो. खरोखर निराहार राहून साखर उतरविणारी गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली, तर साखर घसरून माणूस बेशुद्धही पडेल. म्हणून उपवासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांस विचारावे. वारकऱ्याने पंढरीची वाट पायी चालण्यात भक्ती आणि व्यायाम वेगळे काढले नाहीत. आपण देवळापर्यंत स्कूटरवर जातो आणि घरी येऊन चालण्याच्या यंत्रावर चालतो.

आता कामाचे सांगतो. कार्यकारिणीच्या संमतीने ठरले आहे की, येत्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी दुपारी ३ ते ५ या वेळात आपल्या ज्ञातीतील दोन डॉक्टर मंडळाच्या वरच्या दालनात बसतील. ते नवे औषध देणार नाहीत. घरातील सर्व गोळ्या, काढे, चूर्णे, बाबांची पुडी असल्यास तीही, एका पिशवीत घालून आणावयाची. ते ती टेबलावर ओतून एकेक पाहतील आणि कोणत्या औषधाविषयी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांस काय विचारावे ते कागदावर लिहून देतील. तोवर कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ज्येष्ठांस जिना चढवत नसेल त्यांनी खाली निरोप द्यावा. डॉक्टर खाली येतील. पिशवी धुतलेली असावी, इतकीच आमची जुनी मास्तरी सूचना.