सुटकेनंतरचे पंधरा दिवस



तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा तुरुंगात का जातो, या प्रश्नाची ठराविक उत्तरे आपल्या सर्वांच्या तोंडी आहेत. संगत वाईट, हाताला काम नाही, मुळात स्वभावच तसा! ही उत्तरे खोटी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु आज आम्हाला बोलावयाचे आहे ते औषधपाण्याविषयी. आणि उदाहरण घ्यावयाचे आहे ते अमेरिकेचे, कारण तेथे कायद्यानेच या बाबतीत एक विलक्षण पेच निर्माण केला.

गरिबांच्या उपचारांसाठी तेथे 'मेडिकेड' ही सरकारी विमा योजना १९६५ साली आली. खर्च केंद्र आणि राज्य मिळून सोसतात. मात्र माणूस तुरुंगात असेतोवर, बाहेरच्या इस्पितळात दाखल होऊन घेतलेले उपचार वगळता, केंद्राचा पैसा मिळत नसे. म्हणून कित्येक राज्ये कैद्याचे नावच यादीतून काढून टाकीत. उलट १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे घटनाविरोधी आहे. म्हणजे आत असता उपचार हा हक्क. आणि दाराबाहेर पाऊल पडताच ना तुरुंगाचा डॉक्टर, ना विमा!

या फटीत काय घडते? वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतर रहिवाशांच्या बारा पटींहून अधिक होते. मुख्य कारण अमली पदार्थांचा अतिरेक. तुरुंगात शरीराची सवय मोडते, ओढ मात्र मोडत नाही. बाहेर आल्यावर पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरते.

बरे, विमा दिला तर माणूस तुरुंगात परतावयाचा थांबतो काय? येथे घाई नको. साउथ कॅरोलिना राज्यातील दोन अभ्यास पाहा. एकात आढळले की, मानसिक आजाराचा पूर्वेतिहास असलेल्या गरीब तरुणांचा विमा एकोणिसाव्या वर्षी तुटला की पुढील दोन वर्षांत त्यांची तुरुंगात जाण्याची शक्यता वाढते. दुसऱ्यात, सुटलेल्या कैद्यांना पुन्हा नाव नोंदविणे सोपे केले. ते दवाखान्यात अधिक जाऊ लागले, पण तुरुंगात परतण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

आम्हाला यात विसंगती दिसत नाही. चालू असलेला उपचार तोडणे एक, आणि बरीच वर्षे तुटलेले आयुष्य एका कार्डाने सांधणे दुसरे. काडीचा आधार काढून घेतला तर माणूस बुडतो. पण काडी दिली म्हणजे तो पैलतीरी पोचलाच असे नव्हे. घर, काम, आणि ओळखीचा डॉक्टर हेही लागते.

म्हणूनच २०२३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाला मिळालेली परवानगी आम्हाला महत्त्वाची वाटते. सुटकेपूर्वीच्या नव्वद दिवसांत काही उपचार मेडिकेडच्या खर्चाने सुरू करण्याची मुभा मिळविणारे ते पहिले राज्य. भिंतीच्या आत सुरू झालेले औषध भिंतीबाहेर तुटू नये, एवढाच त्यातला विचार.

शिक्षा न्यायाधीशाने दिली, ती भोगून झाली. त्यानंतरचे पंधरा दिवस ही कोणत्याही कायद्यात न लिहिलेली दुसरी शिक्षा आहे. ती मात्र न्यायाधीशाने दिलेली नसते. ती समाज देतो. आणि समाज म्हणजे आपणच, हे विसरून चालावयाचे नाही.