सुरक्षितता आणि विमा : मालवाहतूकदार परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण

न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे निघालेला माल ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट चढतो आणि फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागतो. पुढे वर्सोव्याची खाडी. तिथे 2023 मध्ये नवा पूल सुरू झाला. घाट मात्र अजून तोच आहे. चढावर एक अवजड गाडी बंद पडली, की दोन्ही बाजूंना रांगा लागतात. हा माल वाहणारे, पाठवणारे आणि त्याचा विमा उतरवणारे असे सगळेच या परिषदेला आले आहेत. मीरा-भाईंदरमध्ये त्यांचे स्वागत आहे.

घाटात गाडी अडते ती बहुधा जादा भारामुळे किंवा पुढे ढकललेल्या दुरुस्तीमुळे. केंद्राने 2018 मध्ये तीन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा 25 टनांवरून 28.5 टनांवर नेली. तरी ओव्हरलोड थांबले नाही, कारण भाडे टनावर ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार रुपये दंड आहे. दंड भाड्यातून भागतो, असा हिशेब मांडणारे मालक त्यात ब्रेक लायनर आणि टायर धरत नाहीत.

विम्याचा हप्ताही या हिशेबाला वेसण घालत नाही. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवते आणि मालवाहू गाडीला तो एकूण वजनावर लागतो. 2022 च्या अधिसूचनेत 20 ते 40 टनांच्या गाडीला तो वर्षाला 43,950 रुपये आहे. दहा वर्षे अपघात नसलेला मालक आणि दरवर्षी गाडी ठोकणारा मालक, दोघांनाही तेवढाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात नो क्लेम बोनस मिळतो, तेवढाच काय तो फरक.

निष्काळजीपणाची खरी किंमत दावा न्यायाधिकरणात कळते. चालकाचा परवाना वैध नसेल, तर न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावते आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने अट मोडली, हे मात्र कंपनीला सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग खटल्यात स्पष्ट केले. कामावर घेताना परवाना तपासून त्याची नोंद ठेवणारा मालक इथे तरतो. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतून स्टीलची भांडी नेणाऱ्या टेम्पोवाल्यांना 6 नोव्हेंबर 2024 च्या घटनापीठाच्या निकालाने आणखी एक दिलासा दिला : हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते.

अपघातानंतर चालक पळतो तो बहुतेकदा जमावाच्या भीतीने. भारतीय न्याय संहितेत पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी 2024 च्या आरंभी चालक रस्त्यावर उतरले. याच शहरात महामार्ग रोखला गेला. ते उपकलम अद्याप लागू केलेले नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 134 मात्र लागू आहे. जखमीला उपचार मिळवून देण्याच्या कर्तव्याला जमावाच्या संतापाचा अपवाद त्यातच नमूद आहे; विमा कंपनीला लेखी कळवण्याचे कामही तेच चालकावर टाकते. ते त्याला कोणी शिकवत नाही. जवळच्या पोलीस ठाण्याचा आणि मालकाचा क्रमांक केबिनमध्ये चिकटवण्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही.

मालाची गोष्ट वेगळी. गाडीच्या विम्यात आतला माल येत नाही, हे अनेकांना तो भिजल्यावर समजते. 2007 च्या रस्तामार्गे वहन कायद्याखालील नियमांनुसार, माल पाठवणाऱ्याने जादा जोखीम दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. 15 हजार भाड्याच्या खेपेत 20 लाखांचा माल गेला, तर भरपाई दीड लाख. उरलेल्या रकमेसाठी माल पाठवणाऱ्याचा स्वतःचा वाहतूक विमा लागतो, आणि ती कंपनी पैसे चुकते केल्यावर वसुलीसाठी वाहतूकदाराच्याच दारात येते. त्यासाठी वाहक दायित्व विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि बिल्टीवर मालाची किंमत लिहिलेली असावी लागते.