आकाशातून आलेले साक्षीदार



पृथ्वी कशी घडली हे पृथ्वीलाच विचारावे, असे कोणीही म्हणेल. पण या बाबतीत तिची साक्ष अपुरी पडते. आपले जुने दप्तर तिने स्वतःच वितळवून टाकले आहे. तिचे जुन्यात जुने खडक सुमारे 400 कोटी वर्षांचे. त्याआधीचा पुरावा जवळजवळ नाहीच. तेव्हा साक्षीला बोलवायचे ते आकाशातून पडणाऱ्या दगडांना, म्हणजे अशनींना.

8 फेब्रुवारी 1969 रोजी मेक्सिकोत अयेंदे गावाजवळ अशा दगडांचा वर्षाव झाला. दोन टनांहून अधिक तुकडे हाती आले. तुकडा कापला की चिक्कीत दाणे दिसावेत तसे काळसर भुकटीत बारीक मणी आणि पांढरट कण दिसतात. हे पांढरे कण सुमारे 456.7 कोटी वर्षांचे, सूर्यमालेतले सर्वांत जुने घन पदार्थ. हा दगड कधी पुरता वितळलाच नाही, म्हणून ते टिकले.

दुसरी जात लोखंडी अशनींची. कापून, घासून आम्ल लावले की त्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. लोखंड आणि निकेल लाखो वर्षे सावकाश निवल्याशिवाय ही नक्षी तयार होत नाही. म्हणजे हे लोखंड एखाद्या लहानशा ग्रहगोलाच्या पोटात होते. तो गोल वितळला. भट्टीत धातू खाली बसतो आणि मळी वर येते, तसेच तिथे झाले.

वितळवणारी उष्णता कुठली? किरणोत्सारी ॲल्युमिनियम-26 ची. त्याचा निम्मा साठा सुमारे सात लाख वर्षांत संपतो. जे गोल लवकर जमले ते वितळले. उशिरा जमलेले कच्चे राहिले. म्हणजे गंमत अशी, की कच्चा दिसणारा अयेंदेचा दगड ज्या गोलातून आला, तोच उशिराचा! पृथ्वी अशाच गोलांच्या टकरींतून कोट्यवधी वर्षांत वाढली आणि तिचेही लोखंड पोटात गेले.

कोणी विचारील, हे जाणून आम्हांला काय मिळाले? क्लेअर पॅटरसन यांनी 1956 साली अशनींतील शिसे मोजून पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे ठरवले. मोजताना त्यांना जिथे तिथे बाहेरचे शिसे आडवे येई. पुढे त्यांनी दाखवून दिले, की त्यातले पुष्कळ मोटारींच्या पेट्रोलमधून हवेत येत होते. त्यासाठी ते उद्योगधंद्यांशी झगडले. 2021 साली जगभरच्या मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. पृथ्वीची जन्मवेळ शोधायला निघालेल्या माणसाला आपल्या मुलाबाळांच्या श्वासातले विष सापडले. ज्ञानाचा उपयोग असा, न मागता, पदरात पडतो.