परीक्षार्थी आणि त्याचा आप्तपरिवार
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला, हे उचितच झाले. परंतु ज्यांची नावे या व्यासपीठावरून उच्चारली गेली नाहीत, ती मुलेही आपलीच आहेत. त्यांच्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्येमुळे प्राण गमावले; त्यांत महाराष्ट्रातील संख्या सर्वाधिक होती. या सर्वांस परीक्षाच कारण झाली असे नव्हे. तथापि हा आकडा प्रत्येक पालकास अंतर्मुख करणारा आहे.

थोडा ताण अभ्यासास पोषकच असतो. यर्क्स व डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, काम कठीण असेल तर मध्यम उत्तेजनानेच शिकणे साधते. अतिरेकाने ते बिघडते. वैद्यकीच्या वा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचे काठिण्य मुलास पुरेसे असते. त्यावर शिकवणीच्या शुल्काची नित्य आठवण, चुलत-मावस भावंडांशी तुलना आणि लग्नकार्यात भेटणाऱ्या आप्तांकडून टक्क्यांची चौकशी, यांची भर कशाला?

मित्रांचेही तसेच आहे. अडलेले गणित समजावून देणारा मित्र ओझे हलके करतो. ‘माझा अभ्यास केव्हाच झाला’ असे मिरविणारा ते वाढवितो. म्हणून मैत्री पारखावी. परंतु कालापव्यय म्हणून सरसकट तोडू नये.

मातापित्यांनी एवढेच करावे: वेळेवर जेवण, पुरेशी झोप, आणि ‘निकाल काहीही लागो, तू आमचाच आहेस’ हे आश्वासन निकालापूर्वीच स्पष्ट शब्दांत द्यावे. मूल अबोल झाले, त्याची अन्नावरील वासना उडाली, तर त्यास रागावू नये. जवळ बसवून विचारावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तो घेण्यात कुळास कमीपणा नाही.

शेवटी मंडळास एक विनंती. पुढील वर्षापासून सत्काराच्या वेळी टक्के वाचून दाखवू नयेत. आणि एकदा अनुत्तीर्ण होऊन पुढे सावरलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी एकाने तरी येथे आपली हकीकत सांगावी. मुलांना तिचा आधार वाटेल.