आपली पानं गूगलला का सापडत नाहीत

  धारच्या या अधिवेशनात अध्यक्षानं मालव्यातल्या मराठी संस्थांच्या कामाचा आढावा घ्यावा, असं निमंत्रणात म्हटलं आहे. छापील अहवाल तुमच्या हातात आहेत, ते अवश्य वाचा. मला मात्र बरीच वर्षं मनात साठलेली एकच गोष्ट बोलायची आहे.

आपण वेबसाइट काढतो, उद्घाटन करतो, फोटो काढतो. त्यावर टाकलेलं नवं पान शोधात येतं की नाही, हे कोणी बघत नाही. सांगण्यासारखं तर आपल्याकडे पुष्कळ आहे. मुंबईच्या चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके याच धारमध्ये स्थायिक झाले, १९६१ साली पद्मश्री झाले. कवी भा. रा. तांबे देवासला शिकले. गायक कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना देवासला आले आणि तिथलेच झाले. या माणसांना जवळून पाहिलेल्यांनी आपल्या स्मरणिकांत लिहून ठेवलं आहे. पण देवास शोधायला जा, इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांचं १९५३चं ‘द हिल ऑफ देवी’ समोर येतं, आपल्या माणसांचं लेखन येत नाही. मला याचा राग येतो.

सकाळच्या चर्चेत कोणी म्हणालं, एजन्सीला पैसे द्या, ती पानं ‘सबमिट’ करते. कोणी म्हणालं, गूगल मराठीला डावलतं. दोन्ही मला मान्य नाहीत; का ते सांगतो. देवासच्या एका संस्थेची साइट माझ्याकडे आली होती. चिटणीस म्हणाले, “वर्ष झालं, एकही पान येत नाही. एजन्सीला पैसे देऊन झाले.” मी वर्डप्रेसची सेटिंग उघडली. काम चालू असेपर्यंत शोधयंत्रांनी येऊ नये म्हणून जी टिक करतात, ती कोणी काढलीच नव्हती! दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावून पाहुण्यांची वाट बघत बसले होते सगळे. टिक काढली, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, दिला, मुखपृष्ठ शोधात आलं.

स्मरणिका मात्र येईनात. पानांचे वाकडेतिकडे फोटो काढून पीडीएफ केलेल्या. यंत्र त्यातून नीट काय वाचणार? टाइप केलेले लेख जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे डोळ्यांना मराठी आणि यंत्राला रोमन अक्षरांचा गाळ. शिवाय साइटवरच्या एकाही पानावरून तिकडे लिंक नाही. मग एका निवृत्त शिक्षिकेनं फडक्यांवरचा लेख युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठीच दिसेल असा, पुन्हा टाइप केला. मुखपृष्ठावरून लिंक दिली, इंदूरच्या एका वाचनालयानंही दिली. थोड्याच दिवसांत पान शोधात आलं, आणि पुढे शिल्पकला शिकणाऱ्या एका मुलाचं बाईंना पत्र आलं.

गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत जाणारा प्रोग्रॅम, मुख्यतः लिंकांवरून हिंडतो. साइटमॅप म्हणजे फक्त वर्दी, हमी नव्हे. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात. आपल्याला पाचशेही भरता येत नाहीत. पान शोधाच्या सूचीत घ्या, ही इंडेक्सची विनंती पुन्हापुन्हा केल्यानं रांगेत नंबर पुढे जात नाही. नव्या पानाची खबर शोधयंत्रांना देणारं, २०२१ साली आलेलं ‘इंडेक्सनाऊ’ बिंगला कळतं, गूगल ते वापरत नाही. तेव्हा हमी विकणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका.

ज्यांनी हे लेख लिहिले, त्यातले बहुतेक आज नाहीत. त्यांच्या स्मरणिका कपाटात कसर खात आहे. मालव्यातल्या सर्व मराठी संस्थांच्या लिंका एकत्र देणारी एक सामायिक साइट आपण करू. कोणी आणि कशी, ते कार्यकारिणी बसून ठरवील.

तोवर एवढं करा. आज घरी गेल्यावर आपल्या साइटची ती टिक तपासा. शेजारच्या संस्थेची लिंक आपल्या मुखपृष्ठावर द्या. आणि पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येक संस्थेनं निदान एक जुना लेख युनिकोडमध्ये टाइप करून आणावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.